अण्णांचा डावा हात

फोटोअण्णांचा डावा हात कधी मोकळा राहत नसे. कॅमेरा नसला तर ते चहाचा पेला झूमच्या कडीसारखा फिरवत बसत. आमच्या दैनिकाच्या कोल्हापूर कचेरीत ते छायाचित्रकार होते. नव्वदच्या दशकात फुटबॉलचा मोसम सुरू झाला की गोलखांबांमागची जागा अण्णांची, हे शहरातल्या फुटबॉल संघ चालवणाऱ्या सगळ्या तालमींना मान्य होते. तालमींचे एकमत झालेली ही बहुधा एकमेव बाब.

त्यांनी भिंगावरच्या, हाताने फिरवायच्या झूमच्या कडीवर आगपेटीची अर्धी काडी चिकटवली होती. अंगठ्याला काडी लागली की चौकटीत दोन्ही खांब बसले, हे त्यांना न बघता कळे. "डोळा बॉलवर, हात काडीवर. बॉल पायातनं सुटायच्या आधी हात फिरला पायजे की," असे ते सांगत. या पद्धतीत बॅटरी कुठेच लागत नसल्यामुळे व्यवस्थापनाला ती मागासलेली वाटली.

म्हणून नवा कॅमेरा आला. आटोपशीर, भिंग बदलता येणारा, आणि झूमला मोटर. बटण दाबले की भिंग गुणगुणत स्वतःच्या सवडीने सरके. मुख्य कचेरीतून आलेल्या व्यवस्थापकांनी टेबलावरच्या फुलदाणीचे फोटो काढून दाखवले. उत्तम आले. फुलदाणी पळत नव्हती.

"पावणं," अण्णा म्हणाले, "बॉल थांबतोय व्हय हिच्यासाठी?"

"सवय होईल," व्यवस्थापक म्हणाले. अण्णांचा जुना कॅमेरा कपाटात कुलूपबंद झाला.

त्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू गोलरेषेवरून परत आला. पंचांनी गोल दिला. चेंडू आत गेलाच नाही, असे हरलेल्या तालमीचे म्हणणे. खरे काय ते आमच्या अंकात दिसेल, म्हणून पेठा रात्रभर शांत राहिल्या. अंकात गोलकीपरचा गुडघा होता. अत्यंत सुस्पष्ट. खांब, रेषा आणि चेंडू चौकटीत येण्याइतकी मोटर मागे सरकलीच नव्हती.

सकाळी दोन्ही तालमींची माणसे कचेरीत.

"अण्णा, बॉल कुठाय?"

"येतोय. मोटर अजून मागं सरकतीया. बसा, चा घ्या."

चौकशी झाली. यंत्र निर्दोष असून छायाचित्रकार संथ आहे, असा निष्कर्ष अहवालात निघाला. अण्णांची गोलखांबांमागची जागा गेली आणि त्यांना उद्घाटने मिळाली. फीत कापणारे पुढारी मोटर पोहोचेपर्यंत कात्री धरून उभे राहतात, काही त्यानंतरही. निवृत्तीपर्यंत अण्णांचा एकही फोटो चुकला नाही. एकही कुणाच्या लक्षात राहिला नाही.

निवृत्तीनंतर ते पुन्हा खांबांमागे येऊन उभे राहू लागले, रिकाम्या हातांनी. एका रविवारी मी त्यांच्या शेजारी होतो.

"त्यो अहवाल तुमीच लिवलासा न्हवं?" त्यांनी मैदानावरची नजर न काढता विचारले.

मी हो म्हणालो.

"भाषा झ्याक होती."

आणि त्यांचा डावा हात छातीपाशी आला, हवेत अर्धा फिरला, अंगठा एका जागी थांबला. मी मैदानाकडे पाहिले. चेंडू अजून पायात होता. मग तो सुटला, आणि दोन खांबांच्या मधून आत गेला.