वाकड्या गल्लीतलं घर

मी राहतो ती गल्ली सरळ जात नाही. थोडी पुढं जाते, भिंतीला धडकल्यासारखी उजवीकडं वळते आणि लगेच डावीकडं. जपानातल्या या जुन्या किल्ल्याच्या गावात सगळ्या गल्ल्या अशाच. शत्रू आत घुसला तर त्याला पुढचं दिसू नये, किल्ला कुठल्या अंगाला राहिला ते कळू नये, म्हणून त्या मुद्दाम वाकड्या काढल्या. शत्रू काही आला नाही म्हणतात. आता भाजीची पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या बायका आणि सायकलवरची शाळेची पोरं तेवढी त्या वळणांवर वळतात, आणि मी.

या गल्लीतलं एक घर मला हवं होतं. बायको आणि मुलगी गावी आबांजवळ, म्हणजे माझ्या वडिलांजवळ, मी इथं. हॉटेलच्या माडीवर एका खोलीत आम्ही आचारी राहायचो. तिथं कुटुंब आणता येत नव्हतं, आणि स्वतंत्र घर दाखवल्याशिवाय त्यांच्या व्हिसाचं पुढं सरकणार नव्हतं. परक्या माणसाला, त्यातही मोडकंतोडकं बोलणाऱ्याला, इथं कुणी सहजी घर देत नाही. मुलगी पहिलीत गेली होती. फोनवर ती मला शाळेचं सांगायची आणि मधेच म्हणायची, "पप्पा, तुम्ही आता हितलं सगळं विसरला असाल." ते ऐकून रात्रभर डोक्यात तेवढंच घुमत राहायचं.

मी शिकलो आठवीपर्यंत. आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या पलीकडं. शाळा सुटली ती घरच्या ओढाताणीनं, आणि माझंही मन नव्हतं. मामांनी यवतला हायवेवरच्या ढाब्यात लावलं. आधी ताटं विसळली, मग कणीक मळली, मग तंदूरपाशी उभा राहिलो तो वर्षानुवर्षं. तंदूरनंच मला इथं आणलं. पुण्याचे एक गृहस्थ ढाब्यावर जेवायला थांबले होते. नान खाल्ली, मला बोलावून घेतलं आणि विचारलं, जपानात भारतीय हॉटेल आहे, अनुभवी तंदूरवाला पाहिजे, शाळेचं कुणी विचारत नाही, येतोस का? मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून जी झोप उडाली ती अजून पुरती आलेली नाही. कायम वाटत राहतं, आपलं काहीतरी चुकेल आणि कुणीतरी म्हणेल, जा परत. आणि ज्यानं हात दिला त्याच्यासाठी किती करू अन् किती नको असं होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि पुढचा घोळ झाला.

गाव समजायला मला फार दिवस लागले नाहीत. मधोमध किल्ला. आपल्याकडं किल्ला म्हणजे डोंगर. इथला सपाटीवर, पाण्याच्या खंदकात. वरचा लाकडी मनोरा राजांचं राज्य संपलं तेव्हाच पाडला. उरलाय तो दगडी चौथरा, चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेला, आणि एक दरवाजा. खंदकाला लागून शिलेदारांच्या गल्ल्या, मातीच्या भिंती, भिंतींवर कौलांची टोपी. माझी गल्ली त्यातलीच. त्यांच्या बाहेर व्यापाऱ्यांची काळ्या लाकडाची घरं. तिथं सोया सॉस मुरवायचा एक जुना कारखाना अजून चालतो, दुपारी वारा फिरला की सगळी पेठ त्या आंबूस-खारट वासानं भरते. मग आळ्या, लोहारांची, रंगाऱ्यांची, सुतारांची. लोहार एकही राहिला नाही, आळीचं नाव राहिलंय. कडेला ओळीनं बुद्धाची देवळं. त्यापुढं भातखाचरं, देवदारांचे काळपट डोंगर, आणि एका डब्याची गाडी. ती पाहिली की दौंडची डेमू लोकल आठवते, फक्त हिच्यात बसायला कायम जागा असते. तरुण माणसं मोठ्या शहरांत गेली. निम्मी घरं बंद.

आणि नदी. नदीपलीकडं पूर्वी कोण राहायचं, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. सगळ्या आळ्या पायाखालून घातल्यावर माझ्या ध्यानात आलं, चामड्याचं काम करणाऱ्यांची आळी कुठं नाही. किल्ल्याला खोगीर लागतं, चिलखत लागतं, ढोल लागतो. कुणीतरी ते करत असणार. आमची वस्ती गावापासून ओढ्यापलीकडं आहे. नवं गाव बघताना जे दिसत नाही ते आधी शोधायची सवय मला तिथली.

घराचे मालक दर गुरुवारी आमच्या हॉटेलात जेवायला यायचे. ऐंशीच्या घरातले, कायम डाळ आणि एक नान. त्यांची बहीण वारली होती, तिचं घर रिकामं होतं. आमचा वाढपी नेपाळचा, इथं बरीच वर्षं काढलेला, जपानी घडाघडा बोलणारा. वयानं मोठा म्हणून मी त्याला त्याच्याच भाषेत दाजू म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला. मालक बराच वेळ डाळ ढवळत बसले, मग म्हणाले, "हिवाळा संपेपर्यंत एकट्यानं राहून बघा. गल्लीतल्या लोकांचं काही म्हणणं नसलं, तर कुटुंबासाठी कागद करून देतो."

ते गेल्यावर दाजू म्हणाला, "भाई, अब गल्लीवालों का दिल जीतना पड़ेगा."

दिल कसं जिंकायचं? बोलता येत नाही. हात तेवढे चालतात. मी त्या घरात राहायला आलो तेव्हा पानगळ सुरू होती. देवळातल्या मोठ्या झाडाची पिवळी पानं सकाळी सगळ्या गल्लीभर पडलेली असायची. गल्लीत राहणारी सगळी म्हातारी माणसं. मी उठून आपल्या दारापुढचं झाडायचो, मग शेजारच्या आजींच्या दारापुढचं, मग समोरचं, मग वळणापर्यंत. आजी झाडू घेऊन बाहेर यायच्या, तोवर रस्ता चकचकीत. त्या वाकून नमस्कार करायच्या, मी त्यांच्यापेक्षा जास्त वाकायचो. त्या पुन्हा वाकायच्या. मग दाराला पिकलेल्या परसिमनची पिशवी अडकवलेली सापडायची. टोमॅटोसारखं ते केशरी फळ मी चवीनं खायचो आणि संध्याकाळी आजींना गरम नान नेऊन द्यायचो. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून लोणचं. मला वाटलं, जमलं. हळूहळू आजी लवकर यायला लागल्या, म्हणून मी आणखी लवकर उठायला लागलो.

एका सुट्टीच्या दिवशी वाऱ्यानं पुन्हा पानं पडली म्हणून दुपारी झाडत असतानाच बायकोचा व्हिडिओ कॉल आला. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बोलायला पहिल्यापासून फटकळ.

"काय चाललंय?"

"झाडतोय."

"अगं बया! हितं कवा झाडूला हात लावला न्हाई, आन् तिथं गल्ली झाडताय! थांबा, आबांना दावते."

तिनं फोन फिरवला. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि बघत राहिले.

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई, आबा. आपल्या मनानं करतोय."

"समदी गल्ली?"

"व्हय. म्हातारी माणसं हायती सगळी."

आबांनी फोन जरा लांब धरला. मग म्हणाले, "आप्पांनी झाडू टाकला तवा गावानं किराणा बंद केला व्हता. तुझ्या आजीनं बाभळीच्या शेंगा उकडून घातल्या आमाला. कुणी हुकूम करायच्या आधीच उचललास व्हय रं तू?"

मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या जवानीपर्यंत चावडी आणि गावातली वाट झाडणं हे आमच्या वस्तीवर लादलेलं काम होतं. बौद्ध झाल्यावर वस्तीनं ते सोडलं, आप्पांनी सगळ्यांत आधी. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती की मला ती गोष्टच वाटायला लागली होती. तिथं झाडू हातात धरून उभा होतो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्या गोष्टीतला झाडू खरा होता. मनात मी आबांशी भांडलो. हे वेगळं आहे, आबा. इथं मला कुणी खालचा समजत नाही. मला माझ्या पोरीला आणायचंय. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळणापर्यंत झाडलं.

पुढच्या आठवड्यात मालक मंगळवारीच आले. बसले नाहीत. दाराजवळ दाजूशी हळू आवाजात बोलले, माझ्याकडं बघून मान लववली आणि गेले. दाजू आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"भाई, गल्लीवाले परेशान हैं."

माझ्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. "कशानं? वास येतो का? मी घरी फोडणीसुद्धा देत नाही."

"झाड़ू से."

"झाडूनं?"

"तू ज़्यादा मारता है." दाजूला हसू येत होतं आणि ते त्यानं दाबलं. मग त्यानं नीट सांगितलं. शेजारच्या आजींचे गुडघे गेलेले आहेत. पण परक्या माणसानं रोज आपलं दार झाडायचं आणि आपण झोपून राहायचं, हे त्यांना सहन होईना. म्हणून त्या अंधारात उठायला लागल्या. समोरचे आजोबा म्हणतात, आम्ही दार घाण ठेवतो असं हा रोज गल्लीला दाखवतोय. कुणी माझ्यावर चिडलेलं नव्हतं. ते कसनुसे झाले होते, आणि चिडण्यापेक्षा ते वाईट. मालक म्हणाले होते, हिवाळा संपेपर्यंत बघू, पण आत्ता माझ्याच्यानं काही सांगवत नाही.

त्या संध्याकाळी भट्टीपुढं उभा असताना फोन वाजला. मुलीनं बाराखडीच्या वहीत जपानी झेंडा काढला होता, लाल गोळा रेषेबाहेर गेलेला. बायकोनं त्याचा फोटो पाठवला होता. तो बघून मी फोन पुन्हा खिशात ठेवला.

सुट्टीच्या दिवशी दाजूला घेऊन आजींकडं गेलो. पायरीवरच गुडघे टेकून माफी मागितली. आजी घाबरल्याच. "उठा, उठा" म्हणत त्या स्वतः बाहेर आल्या, झाडू घेतला आणि दोन्ही दारांच्या मधल्या दगडापाशी उभ्या राहिल्या. तिथपर्यंत त्यांचं, तिथून पुढं माझं. त्यांनी आपली बाजू झाडली, दगड ओलांडून माझ्या बाजूला वीतभर झाडलं आणि थांबल्या.

दाजूनं त्यांचं बोलणं सांगितलं: "दगडावरच थांबलं, तर शेजारी परका वाटतो. वीतभर पुढं गेलं, तर शेजारी आहे असं वाटतं. त्याच्या पुढं गेलं की समोरचा लहान होतो."

मला राहवलं नाही. दाजूला म्हटलं, "यांना सांग, माझ्या आजोबांना असं दुसऱ्यांची दारं झाडायला लागायची. सक्तीनं. जन्मामुळं." दाजू घुटमळला. त्यानं दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. आजींनी माझ्याकडं पाहिलं. मग नदीच्या अंगाला हात केला आणि अगदी हळू म्हणाल्या, "इथंही." आणि आत गेल्या. मी पुढं काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आपल्यापुरतं झाडायला लागलो आणि आजींच्या बाजूला वीतभर. माझं चटकन होऊन जायचं. मग मी दार लावून आत बसायचो आणि आजींचा झाडू ऐकत राहायचो. दोन फटकारे, मग शांतता. त्या गुडघ्याला हात लावून उभ्या असणार. पुन्हा दोन फटकारे. उठून हातातून झाडू काढून घ्यावा असं वाटायचं, आणि बसून राहायचो. इथं आल्यापासून यापेक्षा अवघड काम मी केलेलं नाही. आबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं," आणि लगेच विचारलं, "म्हातारीला दुसरं कुणी न्हाई का?"

पानं संपली. बर्फ फार पडत नाही इथं, पण खंदकावर पहाटे पातळ पापुद्रा धरतो. फेब्रुवारी सरत आला आणि मालकांचं काही येईना. गुरुवारी ते यायचे, डाळ खायचे, जायचे. मी नान नेऊन ठेवायचो आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळायचो. शेवटी एका गुरुवारी जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून लाकडाची एक कोरी पट्टी काढली आणि टेबलावर माझ्यापुढं सरकवली. दाजूनं ऐकलं आणि माझ्या पाठीत जोरात थाप मारली.

"दरवाज़े की नेमप्लेट है. कह रहे हैं, फ़ैमिली आएगी तो नाम चाहिए ना. बगलवाली आजी ने ही इनसे कहा, पूछो बच्ची कब आएगी."

घरी फोन करून पाटीचं सांगितलं आणि डोळे भरून आले. बायको म्हणाली, "रडताय कशापायी? आधी सांगा, तिथं मला किती झाडावं लागंल?"

"आपलं दार. आन् पुढं एक वीत."

"तुमची वीत का माझी? आधीच सांगून ठेवा, माझी बारकी हाय."

मागून आबांचा आवाज आला. "पोरीला तिथं कुणी विचारंल का रं, तुजे आजे-पणजे काय करायचे?"

"अजून तरी मला कुणी विचारलं न्हाई, आबा."

"हूं," आबा म्हणाले. या खेपेला फोन मात्र ठेवला नाही.

पाटीवर आडनाव लिहायचं होतं. आपल्याकडं आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. काही जण लगेच गाव विचारतात, काही जण पाण्याचा तांब्या जरा लांब ठेवतात, काही जण जास्तच गोड बोलतात. ते हलणं मी लहानपणापासून ओळखतो, यवतच्या ढाब्यावर मी कित्येकदा नुसतं पहिलं नाव सांगून वेळ मारून नेली होती. मालकांनी त्यांच्या अक्षरांत एका कागदावर आडनाव लिहून दिलं, मी ते ब्रशनं पाटीवर गिरवलं. शेवटचं अक्षर जरा खाली घसरलं. दाराशी पाटी ठोकत होतो तेव्हा आजी बाहेर आल्या. चष्मा वर करून त्यांनी ते वाचलं, एकेक अक्षर तोडून. चुकलं. मी म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं, मग तिसऱ्यांदा नीट. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी मान हलवली, चष्मा खाली केला आणि विचारलं, मुलगी शाळेत कुठल्या वाटेनं जाणार?