पहिली झोळी रडणाऱ्या बाळाची

यमुनाबाईंना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका हट्टी मुलीची नखे काढत होत्या. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली असतील. बालसंगोपनाचे शिक्षण पुरे करून, एक ट्रंक आणि कोरे करकरीत प्रमाणपत्र घेऊन मी बारामतीहून मोटारीने लासुर्ण्याला उतरले होते. नमस्कार करून मी प्रमाणपत्र पुढे केले. बाई म्हणाल्या, "ते ठेव कोनाड्यात. आधी हिचा दुसरा हात धर, फार हिसके देते." त्यानंतर आजतागायत ते प्रमाणपत्र कोणी पाहिलेले नाही.

बाई मूळच्या बारामतीच्या शिक्षिका. उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या बायका आपली मुले कमरेला दोरी लावून बांधावरच्या बाभळीला बांधून ठेवतात, हे त्यांनी एका सुट्टीत पाहिले आणि शाळेची नोकरी सोडून त्या इकडे आल्या. बालवाडीसाठी त्यांनी गावातले बागायतदार तात्या यांचा गोठा मागितला. तात्या म्हणाले, "आन मग माझी बैलं कुठं बांधू, बाई?"

"बाभळीला बांधा. पोरांना चालतंय, तर बैलांना का चालू नये?"

तात्या दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी स्वतः उभे राहून त्यांनी गोठा सारवून दिला. बाई फार मऊ बोलतात असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा तात्यांना भेटावे.

गोठ्याच्या आढ्याला जुन्या लुगड्यांच्या सहा झोळ्या होत्या आणि मोठ्या मुलांसाठी गोधड्या. दिवस उगवताना आया मुले सोडून जात, दुपारी पाजायला येत. न्हाऊमाखू घालणे, डाळभात भरवणे, खरूज धुणे यांतले कोणतेही काम बाईंनी कधी हलके मानले नाही. माझे मात्र एका बाबतीत वाकडे होते. रडक्या मुलांचा मला मनस्वी कंटाळा येई. शिकताना पुस्तकातली मुले रडत नसत, त्याचा हा परिणाम असावा.

हौसा नावाची एक बाई खुरपणीला जायची. तिची पाच महिन्यांची सखू दिवसभर झोळीत गप्प पडून असे. बाई कामासाठी बारामतीला गेलेल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळी साऱ्या आया दारात असताना मी मोठ्याने म्हणाले, "बाळ असावं तर असं! बाकीची पोरं नुसता गोठा डोक्यावर घेतात. अशांना आम्ही किती दिवस घ्यायचं?" बोलून गेले आणि विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवसापासून गोठा शांत होत गेला. हा माझ्या शिस्तीचा गुण, असे मी मनाशी म्हटले. चौथ्या दिवशी बाई परतल्या त्या दारातच थबकल्या. मला वाटले, आता शाबासकी मिळणार.

"शांता, पोरं रडत का नाहीत?" असे विचारत त्या झोळ्यांकडे धावल्या. एकेका बाळाची पापणी उचलून त्यांनी पाहिली. सखू तर हलवूनही जागी होईना. खुरपणीच्या वेळी मूल झोपून राहावे म्हणून बोटाने अफू चाटवायची इकडची चाल होती. बाईंनी घरोघर जाऊन मोठ्या मिनतवारीने ती मोडत आणली होती. माझ्या एका वाक्याने ती चार दिवसांत परत आली.

तात्यांनी लगोलग छकडा जुंपून डॉक्टरांना आणायला माणूस धाडला. तोवर बाई सखूला मांडीवर घेऊन तिच्या तळपायांवर टिचक्या मारत होत्या, ओल्या फडक्याने तोंड पुसत होत्या. हौसा शेतातून धावत आली.

"तिळाएवढीच दिली व्हती वो बाई! हितं रडं पोर घेत न्हाईत म्हनं. पोर घेतलं न्हाय तर मी खुरपाया कशी जाऊ?"

धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले. बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मग जमलेल्या बायकांना त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. नीट सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. यापुढं पहिली झोळी रडणाऱ्या बाळाची."

डॉक्टर आले, त्यांनी आपले उपाय केले. उन्हे कलताना सखूने ओठ वाकडे केले आणि असा टाहो फोडला की हौसाने तिला झटकन पदराखाली घेतले. तेवढे गोड रडणे मी पुन्हा ऐकले नाही.

पुढचे पंधरा दिवस बाई लासुर्णे-निरवांगीचे बांध तुडवत हिंडल्या. "रडतं आणा. झोपलेलं आणलंत तर ते जागं होईपर्यंत तुम्हालाही बसवून घेईन!" बायकांनी हे इतके मनावर घेतले, की झोळी मिळावी म्हणून दारात पोराला हळूच चिमटा काढणाऱ्या दोघी-तिघी मी स्वतः पाहिल्या आहेत. आज गोठ्याच्या जागी पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, चाळीसेक मुले आहेत. सकाळी तिथे कानठळ्या बसतात आणि अफू कोणी चाटवत नाही.

त्या संध्याकाळी मी बाईंना म्हटले होते, "मी बोलले तो तुमचाच नियम, असं आयांना वाटतंय. खरं काय ते मी त्यांना सांगते." बाई म्हणाल्या, "नको. त्यांचा तुझ्यावर विश्वास अजून बसायचाय, माझ्यावर बसलेला आहे. माझ्या अंगावर राहू दे." सात वर्षे झाली. 'बाईंच्या हातून एकदा चूक झाली होती' असे आजही पंचक्रोशीत बोलले जाते आणि बाई ते हसून ऐकतात. मीही शेजारी बसून ऐकत आले, याची मला लाज वाटते.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि हा गौरवग्रंथ गावोगावी वाचला जाणार आहे. म्हणून त्यांना न विचारता इथे लिहिते: ती चूक माझी होती. त्या दिवसाबद्दल बाई मला आजवर रागाचा एक शब्दही बोललेल्या नाहीत. हे छापलेले पाहून मात्र नक्की रागावतील. त्यांनी खुशाल रागवावे. त्या रागवण्यासाठी त्यांना निरोगी देह, खणखणीत आवाज आणि पुढची पुष्कळ वर्षे लाभोत. मान खाली घालून ऐकायला मी आहेच.