सासूबाई गुडघाभर पाण्यात गेल्या

पाण्याविषयी खोटं खपवून न घेणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि ते अहमदपूरला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतं. आमच्या मॅडम लग्नाच्या पंगतीतही ग्लास उजेडाकडे धरून बघतात. यजमान घाबरून फिल्टरची पावती शोधायला लागतो. कुणी तळ्याला घाण म्हटलं, की लगेच अडवतात. "गढूळ म्हण. गढूळ पाऊस करतो, घाण माणसं करतात." त्यांचा वर्ग भरतो शेजारच्या गावच्या तळ्यात: आमच्या हातात जाळ्या, पँटला शेवाळ. पाणी किती नितळ आहे हे बघायला काळी-पांढरी चकती दोरीने आत सोडतात आणि ती किती खोलवर दिसेनाशी होते ते मोजतात. कॉलेजकडे चकती नव्हती, म्हणून मॅडमनी घरचं स्टीलचं ताट रंगवलं. त्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. तेव्हापासून ताटाचं नावच सासूबाई.

मग ते तळं बुजवून दुकानं काढायचा ठराव ग्रामसभेपुढे आला. ठरावात तळ्याला 'डबकं' म्हटलं होतं. मी पेटून पत्रक लिहिलं: 'पाणी काचेसारखं आहे.' मॅडमनी तेवढीच ओळ खोडली. "खोटं बोलून वाचवलेलं तळं उद्या दुसऱ्या खोट्यानं बुजंल."

सभेत आमच्यातली मुदखेडची मुलगी उभी राहिली आणि घाईत बोलून गेली, "दिवाळीला सासूबाई कमरेइतक्या पाण्यात दिसून राहिल्या होत्या. आता गुडघाभर पाण्यातच गेल्या."

सरपंचांनी टोपी काढली. "लई वाईट झालं मॅडम. कळवलं बी न्हाई."

"गुडघाभर पाण्यात कशा गं बुडाल्या?" एका आजींनी विचारलं.

मॅडमनी पिशवीतून ताट काढलं. "सासूबाई उदगीरला ठणठणीत हायत. बुडालं ते हे. चला, दाखवते."

सगळी सभा काठावर आली. सरपंचांनी स्वतः दोरी सोडली. ताट लगेच दिसेनासं झालं. "पाऊस न्हाई, मग एवढं गढूळ कशानं?"

मॅडमनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं. तिथे मुरमाचे ताजे ढीग पाण्यात घसरत होते.

"ठरावाच्या आधीच? कुणाला इचारून?" सरपंच दुकानं बांधणार असलेल्या ठेकेदाराकडे वळले. ठराव तिथेच, काठावर उभ्या-उभ्या फेटाळला गेला.

तळं वाचलं. पाण्यात गेलेला मुरूम मात्र तिथेच आहे. तो बसायला वर्षं लागतील. मॅडम यंदा निवृत्त होतायत. परवा मी विचारलं, "पाणी नितळ होईल तेव्हा तुम्ही याल ना?"

"येईन की. मी काठावर बसंन, तुम्ही उतरा," त्या म्हणाल्या.

मॅडमना काठावर बसलेलं आम्ही अजून कुणी पाहिलेलं नाही.