मेहुण्यांची अवतरणं

मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधीच माझं चुकलं. समोर बसलेल्या तिच्या थोरल्या भावानं एकाएकी दोन्ही हात कानांशी नेले आणि दोन-दोन बोटं वाकवली. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. मी लगबगीनं पाय धरले. वरून आवाज आला, "थांबा पाव्हणे, आई काय म्हणाली ते सांगतोय."

दुसऱ्याचं बोलणं इतक्या इमानानं पोचवणारा माणूस पारनेर तालुक्यात दुसरा झाला नाही. आमचे हे मेहुणे एका खेड्यातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. इंग्रजीत कुणाचं बोलणं लिहायचं तर आधी स्वल्पविराम, मग अवतरण उघडायचं, पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी पूर्णविराम आणि मगच अवतरण मिटायचं. हे सगळं त्यांच्या अंगात भिनलं होतं. "तलाठी म्हणाले" एवढं झालं की स्वल्पविरामाला गुडघे लवत, बोटं वर जात, कॅपिटलला टाचा उचलल्या जात आणि पूर्णविरामाला पाय आपटे. एकदा रस्त्याकडेला ते असंच कुणाचं तरी बोलणं सांगत होते, तर हात पाहून एसटी थांबली. कंडक्टर ओरडला, "बसायचं हाय का न्हाई?" मेहुणे म्हणाले, "जरा दम धरा, वाक्य व्हायचंय."

वर्गातही तेच. बाकाच्या एका टोकाची शेवंता 'उघडणारी', दुसऱ्या टोकाची मुमताज 'मिटणारी'. कुणी इंग्रजीत बोलू लागलं की शेवंतानं हात वर करून उभं राहायचं, बोलणं संपलं की मुमताजनं.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास शाळा तपासणीला साहेब यायचे ठरले. हेडमास्तरांनी बजावलं, "साहेबांनी या तमाशाला नावं ठेवली, तर इंग्रजी काढून तुम्हाला कवायत देईन." मेहुण्यांचं जेवणखाण सुटलं. बायकोला राहवेना, म्हणून आम्ही दोघं जाऊन वर्गाच्या व्हरांड्यात उभे राहिलो.

साहेब आले आणि थेट इंग्रजीतच सुरू झाले. शेवंता ताडकन उठली. मुमताज साहेबांच्या तोंडाकडं टक लावून बसली. साहेब स्वच्छतेवर बोलले, शिस्तीवर बोलले, देशावर बोलले. शेवंताचे हात वरच. हेडमास्तर डोळे वटारत होते आणि मेहुणे भिंतीला टेकून घामाघूम. शेवटी साहेबांनीच मराठीत विचारलं, "काय गं, शिक्षा झालीय का तुला?"

"न्हाई सायेब. तुमचं बोलनं कुटं संपलंय अजून? पाय आपटून पूर्णविराम दिल्याबिगर हात कसं खाली घिऊ?"

मेहुण्यांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र पोट धरून हसले. मग इंग्रजीत एकच छोटं वाक्य म्हणाले आणि स्वतःच पाय आपटला! मुमताज बाणासारखी उठली, अन् वर्गानं असा जल्लोष केला की पाखरं उडाली. नंतर फळ्यावर वाक्यं लिहून घेतली, तर एकाही पोरानं अवतरण उघडं टाकलं नाही. जाताना साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "इंग्रजी यांच्याकडंच राहू द्या. आणि तुम्हीही तासाला बसत जा."

संध्याकाळी मेहुण्यांच्या खोलीत गाव लोटलं. साहेब काय म्हणाले, शेवंता काय म्हणाली, सगळं त्यांनी हात उंचावून पुन्हा पुन्हा सांगितलं. मी हौसेनं विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

त्यांचे हात खाली आले. "मी? मी काय म्हणणार, पाव्हणे."

माणसं पांगली. एकट्या माणसाच्या त्या खोलीतल्या दोनच कपबशा विसळता विसळता बायको हळूच म्हणाली, "उद्याची एसटी जाऊ द्या. राहू चार दिवस. दादाला स्वतःचं काही बोलायला कुणीतरी हवं, आणि ऐकून घ्यायची सवय तुम्हाला मी लावलेलीच आहे."