१०,२२,११७ चा कौल

सातपाटीची सोमी तांडेल चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. भागाकारात तिच्याइतका स्वच्छ हात मला पुढे दिसला नाही. १९६३ च्या मार्गशीर्षात तिच्या नवऱ्याची, देवूची, होडी परतली नाही. दोघा खलाशांची प्रेते दांडीच्या किनाऱ्याला लागली. देवूचे काहीच मिळाले नाही. त्याला गेलेला धरून सोमीच्या बांगड्या उतरवायच्या, की वाट पाहायची? घरच्यांनी भगताकडून देवाला दोनदा कौल लावला. एकदा ‘आहे’ आला, एकदा ‘नाही’.

मग सोमी पाटी घेऊन माझ्याकडे आली.

“गुरुजी, एक मोठा आकडा द्या. आकड्याला नातंगोतं नसतं. मूळ संख्या निघाली तर तो जिता हाय. भागला गेला तर नाय.”

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीच पूर्ण भागत नाही. मी तिची समजूत घालायला हवी होती. तिच्या तोंडाकडे पाहून मी १०,२२,११७ लिहून दिला. सम नव्हता, शेवटी पाच नव्हते, अंकांची बेरीज चौदा म्हणून तीननेही जात नव्हता. एवढेच मी पाहिले. त्याचे वर्गमूळ १०११ च्या जरासे खाली, म्हणून १००९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की निकाल लागणार होता. अशा एकशे एकोणसत्तर.

बोंबील वाळत घालून झाले की ती रोज तीन भागाकार करी आणि पाटी मला दाखवी. सासू रखमा म्हणे, “भगत कोंबडा तरी खातो. हा तुजा आकडा काय खातो गो?”

“माजा जीव खातो, आये.”

पण तीच रखमा मला वाटेत गाठून विचारी, “आज भागला नाय ना, गुरुजी?” मुलगा तिचा होता. तिचे जेवण सुटले होते.

फाल्गुनात शेवटचा, १००९ चा भागाकार आला. त्या दिवशी दोघी आल्या. पाटीवर बाकी शंभर होती. १३११ मधून १००९ वजा करताना सोमीने ३०२ ऐवजी ३१२ लिहिले होते. नीट केले असते तर बाकी शून्य. आधीच्या एकशे अडुसष्टांत तिची एकही चूक नव्हती.

“बरोबर हाय, गुरुजी?”

दोघी माझ्या खडूकडे पाहत होत्या. मी बरोबरची खूण केली. रखमाने तोंडात पदर कोंबला.

दोन वर्षांनी रखमा वारली. सोमीच्या बापाने तिच्या पुनर्विवाहासाठी दोन चांगली स्थळे आणली. “नवरा हाय माजा,” म्हणून तिने ती परत पाठवली. बंदरावर बायका म्हणत, “देवू पोहत येतोय का गो अजून?”

१९६९ मध्ये निवृत्त झाल्यावर मी तिच्या घरी गेलो. पंचविशीची सोमी चाळिशीची दिसत होती.

“सोमी, १००९ चा भागाकार पुन्हा करून बघ.”

“केला, गुरुजी. दुसऱ्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हातारी जेवाया लागली होती.”

“आणि ती गेल्यावर?”

“तवर मलाबी सवय झालेली,” ती म्हणाली. “आता नका खोडू.”