पुतळाबाईचा सोमवार

वरवंडची पुतळाबाई तेलीण जिभेची तिखट, पण बैलाशी बोलताना नुसतं लोणी. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं घाणा चालवला. पुढं बबनरावांची इंजिनावरची तेलगिरणी सुरू झाली आणि तिचं गिऱ्हाईक आटलं. तशात सत्तावन्न सालाच्या सुमाराला बातमी आली, की चालत्या घाण्याच्या जागी नवा सुधारित घाणा घ्यायला सरकार मदत देणार. मग काय, गावात दोन तट पडले! हॉटेलात चहा गार व्हायचा, वाद मात्र गार होत नव्हता. बबनराव म्हणायचे, "घाणा म्हंजी बैलानं नुसतं गोल फिरायचं. त्याला सरकारचा पैसा कशाला?" पुतळाबाई रस्त्यावरूनच उत्तर द्यायची, "तुमच्या इंजिनाला सरकारनं कर्ज दिलं, तवा कुणी इचारलं व्हतं?"

मदत मिळाली तर घाणा टिकणार होता, नाहीतर बैल विकायची वेळ आली होती. तिनं अर्ज केला. पाहणीला सरकारी साहेब येणार कळताच तिनं अंगण सारवलं, बैलाची शिंगं रंगवली. साहेब आले, पण नेमके सोमवारी!

सोमवार महादेवाचा. सासऱ्याच्या काळापासून त्या दिवशी त्यांच्या घाण्याला बैल जुंपत नसत. साहेब म्हणाले, चालता घाणा पाहिल्याशिवाय शिफारस करता येणार नाही, आणि उद्या मला शिरूरला जायचंय. गर्दीत बबनराव खुशीत हसले. "बैल सुट्टीवर आन् पैसा सरकारचा," ते म्हणाले.

तरी पुतळाबाईनं बैलाला हात लावला नाही. पदर खोचला आणि घाण्याच्या दांड्याला स्वतःच खांदा लावला. "सुट्टी बैलाची हाय साहेब, माझी न्हाई. या बबनराव, नुसतं गोल फिरायचं हाय."

सगळं गाव बघत होतं, बबनरावांना माघार घेता येईना. त्यांनी टोपी सावरून खांदा लावला. शेजारचा ज्ञानू मागून रेटू लागला. घाणा कुरकुरत फिरला, तशी गर्दी नाचायचीच काय ती बाकी राहिली! करडईचं तेल भांड्यात उतरलं तेव्हा घामानं निथळलेले बबनराव मटकन खाली बसले.

"मग बबनराव," साहेबांनी हसू दाबत विचारलं, "मदत द्यावी का?"

बबनरावांनी खांदा चाचपला. "द्या साहेब. बैलाच्या नावानं द्या."

साहेबांनी तिथंच शिफारस केली. पुतळाबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं ताज्या तेलाची वाटी भरली आणि साहेबांच्या आधी बबनरावांपुढं धरली. "खांद्याला चोळा," ती म्हणाली. "उद्या लई दुखंल."