जनूभाऊजींचं मशीन

आमचे जनूभाऊजी बिघडलेल्या वस्तूला एकदम हात लावत नसत. आधी तिच्यासमोर उकिडवे बसून एकटक बघत राहायचे. घरातला मिक्सर असो, नाहीतर त्यांच्या होडीचं मशीन असो. ते मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवतात आणि दोरी ओढून चालू करतात ना, त्यातलं. पार जुनं झालेलं. काय झालंय असं कोणी विचारलं, की म्हणायचे, "थांबा जरा. मला काय कळत नाय, तेच आधी कळू दे." आमच्या नवापूर गावात या बोलण्याची सगळे टिंगल करायचे. मीही करायचे, माझे धाकटे दीर ना ते.

त्यांची बायको सुमन गेली आणि ते एकटे पडले. मुलगा दिनेश बोईसरला कंपनीत, राहायला सालवडला. तो बापाला तिकडे चला म्हणायचा. एकटा म्हातारा समुद्रात जातो, मशीन मध्येच बंद पडलं तर काय, ही त्याची भीती काही खोटी नव्हती. शेवटी दोघांत ठरलं, की नारळी पुनवेला मशीन नीट चाललं तर भाऊजी नवापुरातच राहतील. नाही चाललं तर होडी विकून सालवडला जातील.

पुनवेला मशीनची पूजा दरवर्षी सुमन करायची. त्या वर्षी भाऊजींनी स्वतः केली. हार घातला, हळदकुंकू लावलं, समुद्राला नारळ दिला. मग दोरी ओढली. मशीन फटफट करत चालू झालं, आम्ही सगळे खूश. आणि किनाऱ्यापासून जरा लांब जातंय न जातंय तोच बंद. होडी वल्हवत परत आणावी लागली.

मग सुरू झाले सगळ्यांचे सल्ले. एकाने प्लग पुसून लावला, दुसरा म्हणाला पेट्रोल जुनं आहे, तर ते बदललं. दिनेशने बोईसरहून आणलेल्या मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून फुंकला आणि, "चाचा, अब इसको आराम दो," म्हणत हात पुसले. गोंधळ असा, की पेट्रोल बघायला मशीनच्या माथ्यावरच्या टाकीचं झाकण उघडलं की मशीन चालू व्हायचं, आणि झाकण लावून थोडा वेळ गेला की परत बंद. चांगलं म्हणावं की बिघडलेलं, तेच कळेना.

मी म्हटलं, भाऊजी, रुसलंय ते तुमच्यावर.

"रुसलंय तर मध्ये मध्ये बोलतंय कशाला, वयनी?" म्हणाले, आणि पाण्यात उभ्या होडीत मशीनसमोर जाऊन बसले. ओहोटी लागली होती. दिनेश काठावर उभा, त्याच्या डोळ्यांत होडीचं गिऱ्हाईक दिसायला लागलं होतं.

बराच वेळ गेला. मग भाऊजींनी अंगठ्याने झाकण खरवडलं. त्या झाकणाला एक बारीक भोक असतं; पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत जाते, ती अडली की पेट्रोल खाली उतरत नाही. हळदकुंकवाचा लेप वाळून ते बुजलं होतं. सुमन बोटाच्या टोकाने कडेला एक टिकली लावायची. या बाबाने मशीनचं सगळं कपाळ माखलेलं.

भाऊजी अंगठ्याकडे बघत बसले. "वयनी, तिला भोक म्हाईत होतं का? का आपलं तिचं बोट कडेलाच पडायचं?"

मला काय ठाऊक? इतकी वर्षं शेजारी राहून मी तिला कधी विचारलं नव्हतं.

मशीन चाललं. भाऊजी चिंचणीच्या बाजूला लांब फेरी मारून आले आणि दिनेशने मुकाट्याने मान्य केलं, की बाबा इथेच राहतील.

आणि दिवाळीनंतर त्यांनी होडी स्वतःहून आमच्या एका पुतण्याला देऊन टाकली. पिशव्या भरल्या, घराला कुलूप लावलं आणि सालवडला निघाले. मी भांडलेच. म्हटलं, जिंकलात ना तुम्ही? मग हे काय?

रिक्षात बसता बसता म्हणाले, "बंद मशीन टाकून गेलो असतो, तर मशीनपायी गेलो असं झालं असतं. आता मी माझा चाललोय."

रिक्षा वळून गेली तरी मी रस्त्यातच उभी होते. बाप जिंकला की मुलगा, मला अजून ठरवता येत नाही. आता विचारायला भाऊजीही राहिले नाहीत.